टांगलेलं इंजिन

“इंजिन म्हणजे काय डुकराची मांडी आहे, आढ्याला टांगून धुरी द्यायला?” क्लेम उस्ताद म्हणाला, आणि जोडणीच्या शेडमधली सगळी माणसं खो खो हसली.

मालक हसले नाहीत. ओर्टलेप मालकांच्या हातात रेल्वेचं पत्र होतं, आणि शेजारी हानोफरहून आलेला इंजिनियर उभा होता. झीव्हर्स त्याचं नाव. पस्तिशीचा, उंच, बाहीला शाईचे डाग. त्याचं म्हणणं असं की ‘मुल्डे’ हे इंजिन चार साखळदंडांनी वरच्या तुळयांना टांगायचं, रुळांपासून वीतभर उचलायचं, आणि अधांतरी असतानाच पूर्ण वाफेवर चालवायचं. इंजिनाच्या पुढच्या आडव्या तुळईला एक शिसपेन्सिल बांधायची आणि तिच्या टोकाखाली पांढरी फळी धरायची. इंजिन जसं हलेल तशी फळीवर रेघ उमटेल.

“आणि त्या रेघेवरून काय कळणार?”

“इंजिन आतून किती हलतं ते. जमिनीवर रूळ त्याला धरून ठेवतात, उस्ताद. ते बरंच झाकतात. हवेत झाकायला कुणी नसतं.”

“माझं इंजिन हलत नाही.”

“मग काळजीच मिटली,” झीव्हर्स म्हणाला. तो हे टोचून बोलला असता तर उस्तादाला बरं वाटलं असतं, पण बिचारा मनापासून बोलला होता.

हसणं तिथंच विरलं. ‘मुल्डे’ला का टांगायचं, हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ‘मुल्डे’ची जुळी बहीण ‘एल्स्टर’ मागच्या ऑक्टोबरात कीझेलबाखच्या वळणावर रुळांवरून उतरली होती. तिचा ड्रायव्हर एर्डमान फोग्ट तिच्याखाली सापडून जागीच गेला. आणि हा एर्डमान म्हणजे क्लेम उस्तादाचा जावई.

चौकशी झाली होती. तेव्हा वेग सांगणारं यंत्र कुठलं असायला! नियम चाकाच्या फेऱ्यांचा होता: मिनिटाला एकशे चाळीस, त्यावर नाही. चौकशीला बसलेल्या तिघा साहेबांनी इंजिन बांधणाऱ्यालाच विचारलं, एकशे चाळीसवर हे इंजिन रुळांवरून उडेल का? उस्तादानं छाती काढून सांगितलं, “एकशे चाळीस सोडा, एकशे साठवरही उडणार नाही. कामात खोट नाही.” मग साहेबांचं काम सोपं झालं. इंजिन चांगलं, रूळ चांगले, म्हणजे ड्रायव्हरनंच वेग वाढवला. फायरमन उडी टाकून वाचला होता. तो शपथेवर सांगत होता की आम्ही मापात होतो. पण तो आपल्या ड्रायव्हरची बाजू घेणारच, असं म्हणून त्याला वाटेला लावलं.

आणि मग ती नोटीस निघाली. आमच्या रेल्वेत रीतच होती तशी. अपघात ड्रायव्हरच्या माथी मारला गेला की त्याच्या नावाची नोटीस छापायची, प्रत्येक इंजिनघराच्या दारावर ठोकायची, आणि दर तीन महिन्यांनी सगळ्या ड्रायव्हर-फायरमनांना टोप्या काढून उभं करून ती मोठ्यानं वाचायची. नवा माणूस कामावर घेतानाही आधी ती ऐकवायची. ‘एर्डमान फोग्ट यानं उतावळेपणानं वेगाची मर्यादा ओलांडली व स्वतःच्या मृत्यूस कारण झाला. यंत्राची तपासणी मुख्य उस्ताद ट्राउगोट क्लेम यांनी केली असून ते निर्दोष आहे.’ एकाच कागदावर जावई आणि सासरा.

उतावळा म्हणे! ज्या माणसानं लग्नाला हो म्हणायला दोन वर्षं लावली, जो फुंकर घालून घालून कॉफी पार थंड करून प्यायचा, तो उतावळा! गावात कुणाला हे पटलं नव्हतं. पण छापलेल्या कागदाशी भांडणार कोण?

थेक्ला भांडली. उस्तादाची एकुलती एक पोर. अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी ती बापाच्या दारात उभी राहिली. आतसुद्धा आली नाही. म्हणाली, “बाबा, तो गेला ते मी देवाची मर्जी म्हणून सोसेन. पण त्याला खोटं तुम्ही पाडलंत. तो मेल्यावर.” तेव्हापासून अकरा महिने झाले, बाप-लेकीत शब्द नव्हता. देवळात ती पलीकडच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जायची. उस्तादाची बायको कधीच वारली होती. घरी गेलं की त्याच्याशी बोलायला भिंती तेवढ्या होत्या.

आता नवी चौकशी रेल्वेला नको होती, पण ‘मुल्डे’च्या ड्रायव्हरांनी ते इंजिन चालवायला नकार दिला, म्हणून झीव्हर्सला बोलावलं. परवानगीच्या वेगात ‘मुल्डे’ सैरभैर झाली, तर एर्डमान निर्दोष ठरणार आणि नोटीस उतरणार. मग दोष त्या इंजिनाचा, म्हणजे ज्यानं ते बांधलं त्याचा. उस्तादाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी दुपारी साखळ्या चढवण्याचं काम चालू असताना झीव्हर्स ‘मुल्डे’च्या मोठ्या चाकापाशी उकिडवा बसला. चाक खरंच देखणं होतं. आरे सगळे सारखे, कानशीनं घासून आरशासारखे केलेले. लाइपझिगच्या प्रदर्शनात या चाकालाच पदक मिळालं होतं.

“सुंदर काम आहे, उस्ताद.”

“स्वच्छ काम आहे. माझं सूत्र एकच. जे लागत नाही ते इंजिनावर नको, आणि जे आहे ते घट्ट हवं. हलायला जागाच ठेवायची नाही.”

“मी जरा वेगळं मानतो,” झीव्हर्स म्हणाला. “चाक फिरवणारा दांडा पुढे मागे धावतो, त्याचं वजन आहे, ते सगळ्या इंजिनाला हिसके देणारच. घट्ट आवळून हिसका जात नाही, तो फक्त दुसरीकडे सरकतो. हिशेबानं दुसऱ्या अंगाला तेवढंच वजन दिलं तर तो शांत होतो.” मग सहज मान वळवून त्यानं विचारलं, “तुमचं पहिलं इंजिन तुम्ही इंग्रजांच्या इंजिनावरून उतरवलंत ना? त्याच्या चाकात, दांड्याच्या समोरच्या अंगाला, काही वजन होतं का?”

“आठवत नाही,” उस्ताद म्हणाला.

आठवत नाही! अहो, त्याला आठवत होतं. ज्या क्षणी झीव्हर्सनं ‘वजन’ म्हटलं त्या क्षणी दहा वर्षांपूर्वीचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

दहा वर्षांपूर्वी ते इंग्रजी इंजिन चौदा खोक्यांतून, एल्बे नदीतून नावेनं आलं होतं. सोबत एक इंग्रज ड्रायव्हर, त्याला आपली भाषा येईना आणि आपली बिअर मात्र फार आवडे. मालकांचा हुकूम होता, खिळ्याला खिळा मिळवून हुबेहूब उतरवा. रविवारी इंजिन उभं असायचं, अशा आठ रविवारांत क्लेमनं आणि आरेखकानं ते सुटं केलं, मापलं, कागदावर घेतलं. मोठ्या चाकात आऱ्यांच्या मध्ये, दांड्याच्या बरोबर उलट अंगाला, अर्धचंद्रासारखा एक लोखंडी ठोकळा बोल्टांनी आवळलेला होता. ओबडधोबड, रंगसुद्धा नीट नाही.

क्लेमनं तो पाहिला आणि नाक मुरडलं. “ओतताना भेग गेली असणार. ठिगळ मारलंय. आणि ठिगळाचं चाक जर्मनांच्या गळ्यात मारलंय.”

“पण दुसऱ्या चाकालाही त्याच जागी आहे, उस्ताद,” आरेखक म्हणाला होता. “भेग दोन्हीकडे एकाच जागी कशी जाईल?”

“इंग्रज आहे. एकच चूक दोनदा करतो.”

सगळे हसले. क्लेमनं लाल खडू घेतला आणि कागदावरच्या ठोकळ्यावर ठसठशीत फुली मारली. आपल्या चाकाला ठिगळ नाही! आणि खरंच, त्याचं चाक इंग्रजांपेक्षा देखणं झालं. सुरुवातीला गाड्या सावकाश चालायच्या, तेव्हा काही बिघडलं नाही. मग रूळ वाढले, डबे वाढले, वर्षागणिक वेग वाढत गेला. त्या ठोकळ्याची कुणाला आठवण राहिली नाही. त्यालाही नाही. निदान तो स्वतःला तसं सांगत आला होता.

रविवारी देवळातून उस्ताद घरी गेला नाही. कारखान्याच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असत. तो नमुन्यांच्या माळ्यावर चढला. तिथं ओतकामाचे लाकडी नमुने आणि जुन्या आरेखनांच्या गुंडाळ्या धूळ खात पडल्या होत्या. तिसऱ्या खणात ती गुंडाळी सापडली. त्यानं ती खिडकीपाशी उलगडली. कागद पिवळा पडला होता, शाई फिकटली होती, लाल फुली मात्र काल मारल्यासारखी होती.

तो एका पेटीवर बसला, आणि त्याला दुसरा एक रविवार आठवला. अपघाताच्या आधीच्या उन्हाळ्यातला. थेक्लाच्या घरी बटाट्याचे गोळे आणि भाजलेलं मटण झालं होतं, पुरुष बिअर घेऊन टेबलाशी रेंगाळले होते. एर्डमान नेहमीसारखा गप्प होता. मग हळूच म्हणाला, “बाबा, एक बोलू? रागावू नका.”

“बोल की. ड्रायव्हर आहेस की नवी नवरी?”

“‘एल्स्टर’ एकशे तीसच्या पुढं गेली की मान हलवते. अशी.” त्यानं बिअरच्या पेल्यात बोट बुडवलं आणि टेबलावर फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा, त्याच रेघेवरून. ओल्या लाकडावर एक लंबगोल उमटला, डावीकडे जरासा कललेला. “रोज तीच. माझं बोट आता झोपेतसुद्धा असं फिरतं, विचारा थेक्लाला.”

थेक्ला हसून म्हणाली होती, “खरंच, बाबा. पलंगपोसावर काढतो. मला वाटलं कुणाचं नाव लिहितोय.”

“घोडी चांगली आहे,” उस्ताद म्हणाला होता. “स्वाराचं बूड मऊ आहे.” आणि बाहीनं तो लंबगोल पुसून टाकला होता.

एर्डमाननं ओलं बोट पुसलं. “मग वर लिहून कळवू का, बाबा? रेल्वेला?”

“लिही की. सासऱ्याच्या कामात खोट आहे म्हणून लिही. गावात तेवढंच व्हायचं राहिलंय.”

एर्डमाननं लिहिलं नाही. इंजिन दुसऱ्या कुणा उस्तादाचं असतं तर त्यानं लिहिलं असतं. आपल्या बायकोच्या बापाला खाली बघायला लागू नये, म्हणून तो त्या इंजिनावर आणखी चार महिने उभा राहिला.

माळ्यावर एक शेगडी होती, लाकूड चिकटवायचा सरस गरम करायची. तिच्यात राखेखाली निखारे होते. उस्तादानं कागदाकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. कबूल करायला हवं, त्यानं शेगडीकडे पुष्कळ वेळ पाहिलं. तो काही साधू नव्हता. छप्पन्न वर्षांचा माणूस, चाळीस वर्षांचं काम, पदक, गावात मान. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं होतं त्यावर स्वतःच्या हातानं मारलेली लाल फुली. कागद गेला तर सांगणारं कोण होतं? आरेखक अमेरिकेला गेला होता, इंग्रज मेला होता.

शेवटी त्यानं कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. का ठेवली, हे त्याला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जाळवेना, एवढं खरं.

मंगळवारी सकाळी ‘मुल्डे’ अधांतरी लटकत होती. वीस हजार किलोंचं धूड, रुळांवर वीतभर अंतर. चाकाखालून पलीकडचं दिसतंय हे बघून माणसं उगाच वाकून वाकून बघत होती. बॉयलरमध्ये वाफ चढली. वाफेचा दांडा उस्तादाच्या हातात असणार, हे न बोलता ठरलेलं होतं. चाकाच्या एका आऱ्याला झीव्हर्सनं लाल चिंधी बांधली. घड्याळ घेऊन तो फेरे मोजणार होता.

उस्ताद शिडी चढणार तोच मालकांनी त्याला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी दहा वर्षांत दोनदाच ठेवला असेल.

“क्लेम, साखळ्या जुन्या आहेत.”

“साखळ्या मी स्वतः तपासल्यात, मालक.”

“जुन्या आहेत,” मालक पुन्हा म्हणाले. “एकशे वीसच्या पुढं नको. एकशे वीसला जे दिसेल ते दिसेल, तेवढंच लिहून देऊ. पुढचं कुणाला माहीत नाही, आणि असू नये. तुमच्याही फायद्याचंच सांगतोय.”

शिडी चढून उस्ताद ड्रायव्हरच्या जागी उभा राहिला, ‘एल्स्टर’वर जिथं एर्डमान उभा असायचा. ना छप्पर, ना बसायला जागा. ड्रायव्हर सुखात असला की पेंगतो, असं आम्ही बांधणारे तेव्हा मानत होतो.

त्यानं दांडा ओढला. चाकं फिरायला लागली, कशालाच न धरता, नुसती हवेत. “साठ!” झीव्हर्स खालून ओरडला. “ऐंशी!” इंजिन शांत होतं. पेन्सिलीनं फळीवर एक ठिपका केला होता, जरा जाड, एवढंच. शेडमध्ये कुणीतरी शीळ घातली. उस्तादाच्या मनात, खोटं कशाला बोला, एक आशा डोकावून गेली.

“शंभर!” पायाखालचा पत्रा थरथरला. “एकशे दहा!” आता साखळ्या बोलायला लागल्या. इंजिन पुढं जात होतं, मागं येत होतं, आणि त्यातच नाक या बाजूनं त्या बाजूला फिरवत होतं. “एकशे वीस!” फळीवर आलुबुखाराएवढा गोल दिसत होता.

मालकांनी हात वर केला. पुरे.

उस्तादानं मालकांचा हात पाहिला. पायाखाली इंजिन मान हलवत होतं. असं त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, टेबलावर काढून दाखवलं होतं. त्यानं दात आवळले आणि दांडा आणखी ओढला.

“क्लेम!” मालक ओरडले.

“एकशे तीस!” झीव्हर्सचा आवाज चिरकला. “एकशे पस्तीस! उस्ताद, धरून उभे राहा!”

ते वीस हजार किलोंचं धूड पिसाळल्यासारखं झालं. उस्ताद दोन्ही हातांनी कठड्याला लटकला, टोपी उडून गेली, वरच्या तुळयांतून पिढ्यांची धूळ गळायला लागली. एकशे चाळीसला अजून पाच बाकी होते. त्यानं वाफ बंद केली. चाकं थांबायला पुष्कळ वेळ लागला.

खाली उतरून तो थेट फळीपाशी गेला. लोक बाजूला झाले. फळीवर तळहाताएवढा लंबगोल होता, शेकडो वेळा गिरवलेला, काळाभोर. डावीकडे जरासा कललेला.

उस्ताद त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसला. शेडमधल्या माणसांना वाटलं, त्याला चक्कर आली. कुणीतरी पाणी आणायला धावलं. त्यानं हात हलवून नको म्हटलं आणि कोटातून घडी काढली.

“झीव्हर्स साहेब,” तो म्हणाला, “तुम्ही मला वजनाचं विचारलं होतंत. मी खोटं बोललो. वजन होतं. इंग्रजाच्या चाकात होतं. मी काढलं. ही माझी फुली.”

“क्लेम, तोंड सांभाळा,” मालक दबक्या आवाजात म्हणाले.

“दहा वर्षं सांभाळलं, मालक. त्याचं काय झालं ते कीझेलबाखला जाऊन बघा.”

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “एर्डमान मापात होता. तो मला सांगायला आला होता. मी त्याला हसण्यावारी नेलं. मला ते ठिगळ वाटलं होतं... मला वाटलं, ते घाण काम आहे.” छप्पन्न वर्षांचा माणूस साऱ्या कारखान्यादेखत रडला, आणि त्याच्याकडे बघायची कुणाला हिंमत झाली नाही.

झीव्हर्स भला माणूस. त्यानं काही सुनावलं नाही. कागद घेतला, तिथंच पेटीवर ठेवून आकडे मांडले. दोन दिवसांत दोन्ही मोठ्या चाकांचे ठोकळे ओतून झाले. ते बसवायचं काम उस्तादानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आपल्या त्या देखण्या चाकाला त्यानं स्वतः भोकं पाडली. शुक्रवारी ‘मुल्डे’ पुन्हा चालली. एकशे चाळीसला फळीवर मसुराएवढा ठिपका होता. एकशे साठलाही मसूरच. उस्तादानं पायाशी पाण्याचा पेला ठेवला होता, तो सांडला नाही.

त्याच दुपारी त्यानं साक्षीचा कागद लिहून सही केली. झीव्हर्सनं तो रेल्वेला धाडला. मालकांनी किल्ल्या परत मागितल्या, आणि उस्तादानं त्या कमरेच्या काढून टेबलावर ठेवल्या.

कारखान्यातून निघून तो आधी इंजिनघराकडे गेला. दारावर नोटीस होती, पावसानं कडा कुरतडलेल्या, पण नावं वाचता येत होती. त्यानं खिशातून पकड काढली आणि चारही खिळे उपटले.

“हुकूम आला का वरून?” आतल्या मुकादमानं विचारलं.

“येईल.”

“आल्यावर काढायची असते, उस्ताद. माझी नोकरी जाईल.”

“क्लेमनं काढली म्हणून सांग. माझी आधीच गेलीय.”

मुकादमानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग टोपी काढली आणि आत निघून गेला.

थेक्ला खिडकीशी लेस विणायची उशी मांडीवर घेऊन दोऱ्याच्या लाकडी कांड्या फिरवत बसली होती. दार उघडंच होतं. काखेत फळी घेऊन बाप दारात दिसला, तशी तिच्या हातातल्या लाकडी कांड्यांचा खडखडाट थांबला. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

“तुला सांगायला आलोय,” उस्ताद उंबऱ्यातूनच म्हणाला. “चूक माझी होती. चाकात वजन हवं होतं, मी काढून टाकलं होतं. लिहून दिलंय. नोटीस उतरेल. इथली मी उतरवली.” त्यानं तो मळका कागद पुढं केला. तिनं तो घेतला, वाचला नाही, शेजारी ठेवला.

“आणि ते काय आहे?”

त्यानं फळी टेबलावर ठेवली. तेच टेबल. “‘मुल्डे’ला टांगून चालवलं. तिनं हे काढलं. एकशे पस्तीसला.”

थेक्ला उठून आली. फळीवर वाकली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचा उजवा हात वर आला आणि एक बोट त्या काळ्या रेघेवरून, न टेकता, हवेतल्या हवेत फिरायला लागलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिनं बोट मुठीत धरलं.

“तुम्ही पुसलं होतंत,” ती म्हणाली.

“हो.”

“बाहीनं. मी उभी होते इथं.”

“हो, पोरी.”

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. उस्ताद वाट बघत होता, ती जा म्हणेल. तसं म्हणायची तिला पूर्ण मुभा होती. ती म्हणाली असती तर तो गेला असता, आणि पुन्हा आला नसता.

“हे पुसलं जाईल?” तिनं विचारलं.

“शिसाचं आहे. हात लागला की जाईल.”

“मग कोरून द्या.”

उस्ताद टेबलाशी बसला. कोटाच्या वरच्या खिशात त्याची पोलादी आखणी असायची, लोखंडावर रेघ ओढायची. चाळीस वर्षं ती त्या खिशात होती. त्यानं ती काढली, टोक अंगठ्यावर घासून पाहिलं आणि फळीवर टेकवलं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पहिली रेघ ओढली. लाकडाची बारीक साल निघाली. थेक्ला त्याच्या मागं उभी होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “तो डावीकडे कललाय. तुमच्या सवयीनं सरळ करू नका.”

“नाही करत,” उस्ताद म्हणाला.